तर्जुमा करणारे गुरुजी : जोसेफ यहेज्केल राजपूरकर



नहेम्याच्या ग्रंथाचा आठवा अध्याय आपण अनेकदा वाचला असेल. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले आहेत. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून नियमशास्त्राचा ग्रंथ उघडतो आणि पहाटेपासून दोन प्रहरपर्यंत वाचन चालते. परंतु परदेशात वाढलेल्या त्या पिढीला नुसते वाचून भागत नाही. म्हणून काही लेवी लोकांमध्ये फिरतात व वाचलेल्याचा अर्थ फोड करून सांगतात. अर्थ कळतो, तेव्हा लोकांच्या डोळ्यांना धारा लागतात. एज्राचे नाव आपणा सर्वांस ठाऊक आहे. अर्थ सांगणाऱ्या त्या लेव्यांची नावेही ग्रंथात दिलेली आहेत, परंतु ती आपल्यापैकी कोणाच्या स्मरणात नसतात.

आज आपण अशाच एका अर्थ सांगणाऱ्याचा परिचय करून घेणार आहोत. तो आपल्याच मराठी भाषेत लिहीत होता. एके काळी मुंबईच्या शिक्षणक्षेत्रात त्याचे नाव आदराने घेतले जाई. तो ख्रिस्ती नव्हता. तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील यहूदी होता. त्याचे नाव जोसेफ यहेज्केल राजपूरकर. जन्म १८३४, मृत्यू १९०५. यहूदी धर्म म्हणजे काय, हे आपणास शुभवर्तमानांच्या पानांपलीकडे फारसे ठाऊक नसते. या गृहस्थाच्या हाताला धरून आपण त्या घरात पाऊल टाकू या. आपल्या प्रभूचे बालपण ज्या प्रार्थनांच्या वातावरणात गेले, त्यांचे प्रतिध्वनी या घरात आजही ऐकू येतात, हे विसरता कामा नये.

नवगावचा किनारा

राजपूरकरांची ओळख होण्यापूर्वी त्यांच्या समाजाची ओळख व्हावयास हवी. बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांचे देह तेथेच पुरण्यात आले व ती जागा आजही दाखविली जाते. सामानासोबत ग्रंथही समुद्राने गिळले. वाचलेली माणसे कोकणात स्थायिक झाली, मराठी बोलू लागली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांनी गावांवरून आडनावे घेतली : किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर. राजपूरकर हे आडनावही असेच गावावरून आलेले.

हे गलबत कोणत्या शतकात फुटले याविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु जे त्यांच्यापाशी शिल्लक होते ते मात्र विचार करण्यासारखे आहे. ग्रंथ नव्हता, मंदिर नव्हते, याजक नव्हता, हिब्रू भाषाही विस्मृतीत गेलेली. उरले होते ते शब्बाथाचे पालन, आठव्या दिवशी मुलाची सुंता, निषिद्ध अन्नाचा विटाळ, काही सण व उपास, आणि एकच प्रार्थना, शमा. पुढे दावीद राहबी नावाचा एक यहूदी गृहस्थ कोकणात आला, असे परंपरा म्हणते. हे लोक खरोखर इस्राएलाचे आहेत काय हे पाहण्यासाठी त्याने त्यांच्या स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले. ज्यांना पर व खवले नाहीत असे मासे त्या स्त्रियांनी बाजूला काढले आणि त्याची खात्री पटली. लेवीय ग्रंथाचा अकरावा अध्याय ज्यांनी कधी वाचला नव्हता, त्यांच्या हातांनी तो पाठ ठेवला होता. वाचकहो, ग्रंथ हरवला तरी आज्ञा स्वयंपाकघरात जिवंत राहू शकते, हे येथे ध्यानात घ्यावे. यहूदी धर्म हा मुख्यतः मतांची यादी नसून आचरणाचा धर्म आहे, असे जे म्हणतात त्याचा अर्थ हाच.

अठराव्या शतकात हे लोक कंपनी सरकारच्या पलटणींत शिरले व मुंबईस येऊन राहू लागले. त्यांच्यातील एक लष्करी अधिकारी सामाजी हसाजी, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडले होते. तेथून सुटका झाल्याबद्दल कृतज्ञता म्हणून त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात बेने इस्राएलांचे पहिले सभास्थान बांधले. त्याचे नाव शाआर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. बेने इस्राएल आपल्या सभास्थानास मशीद म्हणत, आणि मशीद बंदर या परिसरात आजही त्या सभास्थानाची आठवण सांगितली जाते. द्वार तर उभे राहिले. परंतु आत होणाऱ्या हिब्रू उपासनेचा अर्थ जाणणारे फारच थोडे होते.

मिशनच्या बाकावर

१८२९ मध्ये स्कॉटलंडहून डॉ. जॉन विल्सन मुंबईस आले. विल्सन कॉलेजच्या नावामुळे ते आपणा सर्वांस परिचित आहेत. बेने इस्राएलांविषयी त्यांना विलक्षण ओढ वाटली. ज्या लोकांकडून जगाला पवित्र शास्त्र मिळाले, त्या लोकांच्या हातात ते शास्त्र नसावे, याची त्यांना खंत वाटली. त्यांनी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले आणि मिशनच्या शाळांची दारे बेने इस्राएल मुलामुलींसाठी उघडली. मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र १८४७ मध्ये तयार झाले, आणि ते ज्यांनी भक्तिभावाने हाती घेतले त्यांत बेने इस्राएल घराणीही होती. अब्राहाम, मोशे व दावीद यांच्या कथा त्यांना प्रथमच आपल्या भाषेत सविस्तर वाचावयास मिळाल्या.

जोसेफ राजपूरकर हे याच काळाचे अपत्य. त्यांचे शिक्षण फ्री चर्च मिशनच्या शाळेत झाले. त्या शाळेत इंग्रजी, मराठी, पवित्र शास्त्र सारे शिकविले जाई. मिशनऱ्यांचा हेतू लपलेला नव्हता. हिब्रू शास्त्र वाचता वाचता हे लोक मशीहाला ओळखतील व ख्रिस्ताकडे येतील, अशी त्यांची प्रामाणिक आशा होती. प्रत्यक्षात फारच थोडे बेने इस्राएल ख्रिस्ती झाले. बहुतेकांनी मिशनने दिलेला दिवा घेतला आणि तो आपल्याच घरात नेऊन लावला. राजपूरकर हे त्यांतले अग्रगण्य होत.

या घटनेकडे आपण कसे पाहावे? काहींना तो मिशनचा पराभव वाटेल. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. परंतु त्याविषयी पुढे लिहू.

चाळीस वर्षांची शाळा

१८५६ च्या सुमारास राजपूरकर मुंबईच्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या शाळेत शिक्षक झाले. डेव्हिड ससून हे बगदादहून आलेले थोर व्यापारी. भायखळ्याचे मागेन दावीद आणि पुण्याचे ओहेल दावीद, ज्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात, ही सभास्थाने त्यांच्याच नावाशी निगडित आहेत. त्यांची शाळा प्रामुख्याने बगदादी यहूदी मुलांसाठी होती. लवकरच राजपूरकर तिचे मुख्याध्यापक झाले आणि सुमारे चाळीस वर्षे त्यांनी ती धुरा वाहिली.

या साध्या वाटणाऱ्या वाक्यात एक वेदना आहे, ती आपण समजून घ्यावी. बगदादी यहूदी अरबी बोलत, धनवान होते, धर्मशास्त्रात मुरलेले होते. बेने इस्राएल मराठी बोलत, मराठी पेहराव करीत. हळूहळू बगदादी समाजात असा दुजाभाव शिरला की, हे कोकणी लोक आपल्या तोडीचे यहूदी नव्हेत. दफनभूमीत वेगळी जागा असावी, उपासनेत आणि सोयरिकीत अंतर असावे, येथपर्यंत गोष्टी गेल्या. आणि त्याच बगदाद्यांच्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या हिब्रू शिकविणारा मुख्याध्यापक मात्र बेने इस्राएल होता! राजपूरकरांनी यावर काही वाद मांडल्याचे प्रसिद्ध नाही. त्यांचे उत्तर त्यांच्या कामात होते. मुंबई विद्यापीठाने त्यांना हिब्रूचे परीक्षक नेमले व पुढे विद्यापीठाचे फेलो म्हणून त्यांचा गौरव केला. ज्या समाजाला दोन पिढ्यांपूर्वी आपली प्रार्थना वाचता येत नव्हती, त्याच समाजातील माणूस आता विद्यापीठातील हिब्रूच्या उत्तरपत्रिका तपाशीत होता.

परंतु त्यांचे खरे जीवनकार्य शाळेच्या वेळेबाहेर चाले. यहूदी उपासनेचे हिब्रू ग्रंथ त्यांनी एकामागून एक मराठीत आणले : दैनंदिन प्रार्थना, शब्बाथाच्या प्रार्थना, सणांच्या व उपासांच्या प्रार्थना. या कार्यामुळेच बेने इस्राएल समाज त्यांना कृतज्ञतेने स्मरतो.

त्या ग्रंथांत काय आहे?

वाचकहो, यहूदी धर्माचा पाया तोच, ज्याला आपण जुना करार म्हणतो. यहूदी लोक त्याला जुना म्हणत नाहीत हे उघड आहे. ते त्याचे तीन भाग मानतात : तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, नबीईम म्हणजे संदेष्टे आणि कतुवीम म्हणजे लेख. ग्रंथ तेच, परंतु त्यांची गणना चोवीस होते, कारण शमुवेल, राजे, इतिहास हे प्रत्येकी एकच ग्रंथ, एज्रा व नहेम्या मिळून एक, आणि बारा लहान संदेष्टे मिळून एक धरले जातात. क्रमही निराळा आहे. आपला जुना करार मलाखीपाशी, येणाऱ्या एलीयाची वाट पाहत संपतो. त्यांचा इतिहासाच्या ग्रंथापाशी, यरुशलेमेस परत जाण्याच्या आमंत्रणाने संपतो. ग्रंथ तेच असूनही शेवटचे पान बदलले की वाचणाऱ्याची दृष्टी कोठे लागते तेही बदलते.

इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमेचे मंदिर जाळले. यज्ञ थांबले, याजकांचे कार्य थांबले. तेव्हा ज्यांना आपण परूशी म्हणून ओळखतो, त्यांच्याच परंपरेतील गुरूंनी धर्म वाचविला. वेदीची जागा घरातील जेवणाच्या मेजाने घेतली, यज्ञाची जागा प्रार्थनेने घेतली. त्यांची तोंडी परंपरा इ. स. २०० च्या सुमारास मिश्ना या नावाने संकलित झाली, आणि तिच्यावरील चर्चेतून पुढे काही शतकांनी तालमूद सिद्ध झाला. तालमूदात एखाद्या प्रश्नावर दोन गुरूंची विरुद्ध मते शेजारी शेजारी नोंदविलेली असतात आणि हरलेले मतही पुसले जात नाही. आपण परूशी हा शब्द ढोंगी या अर्थाने सहज वापरतो. प्रभूने ज्यांना झिडकारले ते ढोंग होते. परंतु प्रार्थना व अभ्यास यांच्या बळावर एक विखुरलेला समाज जिवंत ठेवणारेही त्याच परंपरेतले होते. व्यासपीठावरून हा शब्द उच्चारण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे.

प्रार्थनेचा ग्रंथ म्हणजे सिद्दूर. श्रद्धाळू यहूदी दिवसातून तीन वेळा प्रार्थना करतो : सकाळी, तिसऱ्या प्रहरी व सायंकाळी. तिच्या मध्यभागी शमा आहे. देव एकच आहे हे ऐकण्याची व त्याच्यावर संपूर्ण अंतःकरणाने प्रीती करण्याची ती आज्ञा मोशेच्या पाचव्या ग्रंथातील आहे. प्रभूने जिला सर्वांत मोठी आज्ञा म्हटले ती हीच. नंतर उभे राहून, यरुशलेमेकडे तोंड करून म्हणावयाची आशीर्वचने येतात. त्यांत ज्ञान, क्षमा, आरोग्य, पाऊस, न्याय, शांती यांची याचना आहे. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे सिद्दूरमध्ये जागोजाग विणलेली आहेत. राजपूरकर ती मराठीत उतरवीत होते त्याच काळात, त्याच मुंबईत, आपल्या मंडळ्याही तीच स्तोत्रे मराठीत म्हणत होत्या. दोन घरांच्या मध्ये एक भिंत होती. स्तोत्र मात्र एकच होते.

सभास्थानात उपासना पूर्णतेने होण्यासाठी परंपरेनुसार किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. पूर्वेकडे वा पश्चिमेकडे, ज्या दिशेस यरुशलेम असेल त्या भिंतीत एक पवित्र कपाट असते. त्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळ्या ठेवतात. लिहिताना चूक झाली तर ती विधिपूर्वक दुरुस्त करावी लागते. दोष राहिलेली गुंडाळी वाचनास चालत नाही. वर्षभरात शब्बाथामागून शब्बाथ वाचन करून पाचही ग्रंथ पूर्ण केले जातात आणि शेवटचा अध्याय संपताच त्याच दिवशी उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडला जातो.

कोकणातील वर्ष

बेने इस्राएलांचे सण पाहिले म्हणजे हा धर्म मराठी मातीत कसा रुजला ते दिसते. हिब्रू नावे विसरली गेली तेव्हा त्यांनी सणांना मराठी नावे दिली होती. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवसाला ते दार फळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून, शुभ्र वस्त्रे नेसून, अन्नपाण्यावाचून लोक घरात राहत. हिब्रू उपासनेत त्या दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेचे नाव नईला, म्हणजे द्वारे बंद होणे, असे आहे. मंदिराच्या नाशाचे स्मरण करण्याचा उपास तो बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी मांसाहार टाळून कडधान्याचे बिरडे खात. मूळ कारणाचा तपशील धूसर झाला होता, परंतु शोक मात्र ताटात वाढला जात होता.

शुक्रवारी सूर्यास्ताबरोबर शब्बाथाचा दिवा लागतो. द्राक्षारस मिळत नसे तेथे काळ्या मनुका भिजवून त्यांचे सरबत करीत व त्यावर आशीर्वाद म्हणत. वल्हांडणाच्या रात्री बेखमीर भाकरी, कडू भाजी आणि निर्गमाची कथा. ही कथा सांगण्याच्या ग्रंथाला हग्गादा म्हणतात. १८७४ मध्ये पुण्यास मराठी भाषांतरासह छापलेल्या हग्गादात वल्हांडणाच्या भाकरी करणाऱ्या स्त्रिया मराठमोळी लुगडी नेसून बसलेल्या दाखविल्या आहेत. त्या रात्री घरातील सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारायचा आणि वडीलधाऱ्यांनी उत्तर द्यायचे, अशी रीत आहे. संपूर्ण धर्म एका लहान मुलाच्या प्रश्नावर उभा आहे, हे किती अर्थपूर्ण! परंतु मुलाने हिब्रूत विचारलेला प्रश्न त्याचा त्यालाच कळत नसेल तर? राजपूरकरांसारख्यांच्या मराठी भाषांतरांचे मोल येथे कळते.

आणखी एक रीत खास बेने इस्राएलांची. एलियाहू हन्नबी, म्हणजे आपला एलीया संदेष्टा, याच्यावर त्यांची अपार श्रद्धा आहे. नवस फेडताना, लग्नकार्यात वा संकट टळल्यावर ते मलिदा करतात : भिजविलेले पोहे, ओले खोबरे, गूळ वा साखर आणि त्यासोबत फळे. फळांवर आशीर्वाद म्हणून ते वाटले जातात. अलिबागजवळ खंडाळे येथे एका खडकावर एलीयाच्या रथाची खूण उमटली आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. पुढे १८८० च्या सुमारास त्यांच्यात मराठी कीर्तनेही होऊ लागली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने टाळांच्या साथीने रंगू लागली. आपल्याकडील ख्रिस्ती कीर्तनांची ही भावंडेच म्हणावयाची.

शब्दांशी झुंज

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य पवित्र शास्त्राच्या भाषांतरात गेले आहे. म्हणून राजपूरकर कोणत्या अडचणींतून गेले असतील याची थोडीफार कल्पना करता येते. तोरा हा शब्दच घ्या. आपण त्याला नियमशास्त्र म्हणतो. त्यात चूक नाही, परंतु हिब्रू शब्दात शिकवण, वाट दाखविणे हा अर्थ आहे. बापाने मुलाला बोट धरून शिकवावे तसे. नियमशास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर न्यायालय उभे राहते; तोरा म्हटले की यहूदी माणसाच्या डोळ्यांसमोर शाळा व घर उभे राहते. बरे, तोरा हा शब्द तसाच ठेवावा तर मराठीत तोरा मिरवितात! किंवा हेसेद हा शब्द. दया म्हणावे तर करारातील निष्ठा निसटते. निष्ठा म्हणावे तर कळवळा निसटतो.

काही वेळा मात्र मराठी भाषा भाषांतरकारावर मेहरबान होते. शमा म्हणजे ऐक. हिब्रूत ऐकणे म्हणजे नुसते कानाने ऐकणे नव्हे. त्यात आज्ञा पाळणेही आले. इंग्रजीत हे दोन निराळे शब्द होतात. परंतु आपल्याकडे आई जेव्हा तक्रार करते की मुलगा ऐकत नाही, तेव्हा त्याचे कान बिघडले आहेत असे कोणी समजत नाही. या एका शब्दाच्या बाबतीत मराठी माणूस मोशेच्या अगदी जवळ बसलेला आहे. आणि ही आज्ञा ज्या ग्रंथात आहे त्याचे मराठी नाव अनुवाद असे आहे, हाही सुंदर योगच म्हणावा. एकदा सांगितलेले पुन्हा सांगणे, नव्या पिढीला, नव्या उंबरठ्यावर, तिला कळेल असे सांगणे.

प्राचीन सभास्थानांत हिब्रू वाचणाऱ्याच्या शेजारी एक मनुष्य उभा राही व लोकांच्या बोलीत, म्हणजे अरामीत, अर्थ सांगे. त्या भाषांतराला तार्गुम म्हणत. आपण मराठीत ज्याला तर्जुमा म्हणतो तो शब्द अरबीतून आपल्याकडे आला आणि तो याच तार्गुमच्या कुळातला आहे. राजपूरकरांनी मराठी तर्जुमा केला तेव्हा ते काही नवे करीत नव्हते. नहेम्याच्या काळातील लेव्यांनी जे केले तेच ते मुंबईत करीत होते.

या कामात एक धोका होता. मूळ भाषा पवित्र, तिचे भाषांतर करू नये, असे मानणारे प्रत्येक धर्मात असतात. भाषांतर हाती आले म्हणजे लोक हिब्रू शिकणे सोडतील, ही भीतीही अनाठायी नव्हती. राजपूरकरांनी दोन्ही बाजू सांभाळल्या. दिवसा ते मुलांना हिब्रू शिकवीत, आणि ज्यांचे शिकण्याचे वय टळून गेले होते अशा आईबापांसाठी मराठीत लिहीत. शब्द व अर्थ या दोहोंपैकी एकाचाच हात धरून उपासना चालत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचे समकालीन हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली व १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो त्यांच्या पश्चात १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाने समाजाला प्रार्थना दिली, दुसऱ्याने स्मृती दिली. १९०५ मध्ये राजपूरकर निवर्तले, तेव्हा बेने इस्राएल घरातील माणूस आपल्या देवाशी काय बोलत आहे हे त्याला स्वतःला समजत होते.

आपला हिशेब

आता मघाचा प्रश्न. मिशनने शिकविले आणि विद्यार्थी यहूदीच राहिला. मग मिशनच्या हाती काय लागले? वाचकहो, आपण आधी हे पाहू की कोणाचे कोणावर ऋण आहे. संदेष्टे त्यांचे, स्तोत्रे त्यांची, प्रेषित त्यांच्यातले, देहाने आपला प्रभूही त्यांच्यातलाच. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने आपल्याला रानजैतुनाच्या कलम केलेल्या फांदीची उपमा दिली आणि मुळाविरुद्ध बढाई मारू नये असे बजावले. पुढच्या शतकांत ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांनी नेमके तेच केले. यहूद्यांना वेगळ्या वस्त्यांत कोंडले, हाकलून लावले, आणि विसाव्या शतकात बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांच्या युरोपात साठ लाख यहूदी मारले गेले. भारतात, कोकणात, शेकडो वर्षे शनवार तेल्यांना त्यांच्या धर्मासाठी कोणी छळले नाही, ही या भूमीची पुण्याई आहे.

या पार्श्वभूमीवर विल्सनसाहेबांचे व्याकरण पाहिले तर त्यात पराभव दिसत नाही. ज्यांनी आपल्याला शास्त्र दिले त्यांना एका ख्रिस्ती माणसाने ते परत वाचावयास शिकविले. ऋणाचा एक लहानसा हप्ता फेडला गेला. देण्याचा हेतू विल्सनांचा होता, घेणाऱ्याचा विवेक राजपूरकरांचा होता, आणि परिणाम देवाच्या हाती होता. ख्रिस्ताची साक्ष देणे आपण कधीही सोडणार नाही. परंतु साक्ष म्हणजे सौदा नव्हे, हे आपल्या शाळा व रुग्णालये चालविणाऱ्यांनी येथून शिकावे.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएल देशात गेले. तेथेही प्रथम त्यांच्या यहूदीपणाविषयी शंका घेतली गेली. झगडा झाला, आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहूदी असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहूदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, परंतु आज भारतात ते मोजके काही हजारच उरले आहेत. तिकडे जन्मलेल्या नातवंडांना हिब्रू मातृभाषेसारखी येते, मराठी मात्र येत नाही. राजपूरकरांच्या समाजाला हिब्रू परत मिळाली आणि मराठी निसटली! आजोबांची मराठी प्रार्थनापुस्तके आता त्या घरांत कोण वाचणार?

हे लिहीत असताना जबलपूरची आपली मराठी कुटुंबे डोळ्यांसमोर येतात. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८७० मध्ये येथूनच कलकत्त्याच्या मार्गाला जोडला गेला, आणि त्या काळापासून नोकरीच्या निमित्ताने कितीतरी मराठी माणसे या हिंदी मुलखात आली. आपली मुले हिंदीत खेळतात, इंग्रजीत शिकतात. आजीचे मराठी पवित्र शास्त्र कपाटात आहे. त्याचे बंधन सुटलेले आहे, परंतु ते वाचून नव्हे, वयोमानाने. नागपूर, इंदूर, हैदराबाद, बडोदे, दिल्ली, कोठेही हीच कथा आहे. मुलांनी मराठीतच प्रार्थना करावी असा आग्रह येथे नाही. देवाला सर्व भाषा कळतात. प्रश्न असा आहे की, मूल जी प्रार्थना म्हणते तिचा अर्थ त्याला कोणी सांगितला आहे काय? वल्हांडणाच्या रात्रीप्रमाणे त्याला प्रश्न विचारण्याची जागा आपल्या मेजावर आहे काय? की प्रभूची प्रार्थना पाठ झाली म्हणजे आपले काम संपले?

नवगावच्या किनाऱ्यावर आलेल्या त्या चौदा माणसांपाशी ग्रंथ नव्हता, तरी त्यांनी आज्ञा राखली. आपल्यापाशी ग्रंथ आहे. त्यांना अर्थ सांगणारा मिळण्यासाठी शतकानुशतके वाट पाहावी लागली. आपल्या घरात अर्थ सांगणारे आपणच आहोत. येत्या रविवारी उपासनेहून परतल्यावर आपल्या लेकरांना जवळ बसवावे, मोशेच्या पाचव्या ग्रंथाचा सहावा अध्याय काढावा आणि ऐकणे म्हणजे काय ते त्यांना त्यांच्या बोलीत सांगावे. इतके केले तरी त्या विस्मृत मराठी गुरुजींचे ऋण आपण मान्य केले असे होईल.